शाकारलेली फटफटी

“हात लावू नको तिला! नारळ पडला न्हाय अजून!”

बापूस ओटीवरून ओरडत होता. उजवा हात उशीवर ठेवलेला. त्याला आता हात म्हणणं कठीणच होतं. पपनसाला पाच बोटं चिकटवली तर जसं दिसेल तसं ते दिसत होतं. अंगात ताप इतका, की आयने कपाळावर ठेवलेली ओली पट्टी बघता बघता वाळून पापडासारखी कडक व्हायची. आवाज मात्र तोच, भर दर्यातून हाक मारली तर किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातातला घास खाली पडावा असा, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा आवाज. आणि मी अंगणात, झापांच्या ढिगासमोर, वरचा झाप उचलू की नको अशा बेतात वाकलेला.

त्या झापांखाली माझी फटफटी होती.

आता हे नारळाचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा तापात बरळत होता. आमचा कोळीवाडा रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी. ज्येष्ठ लागला की होड्या वर ओढायच्या, तेल आणि राळ एकत्र कढवून त्यांना चोपडायची, फटींत कापूस ठोकायचा आणि वरून माडाच्या झापांनी शाकारून ठेवायच्या. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होड्या खाली. मधल्या दिवसांत कोणी शाकारलेल्या होडीला हात लावत नाही. लावलाच तर त्या साली त्या घराची जाळी रिकामी येतात, आणि जाळी रिकामी आली की अख्खा वाडा त्या हाताचं नाव घेतो.

पण हा नियम फटफटीला कसा लागू झाला?

त्याचं असं झालं. लढाई संपली, गोरे आपल्या घरी गेले, पण जाताना त्यांना सगळं सामान काही नेता आलं नाही. मी तेव्हा मुंबईला गोदीतल्या वर्कशॉपात कामाला होतो. लष्करी मालाच्या लिलावात ही मला मिळाली. बर्मिंगहॅमकडची, एकाच सिलिंडरची, आणि तो सिलिंडर घागरीएवढा. अंगावर खाकी रंगाचे तीन थर. लिलाववाल्याने मला सांगितलं की हिने आफ्रिकेच्या वाळवंटात एक जर्मन रणगाडा मागे टाकला होता. मी गावात सांगताना तीन सांगितले, आणि गावाने पुढे सांगताना एक विमानही घातलं. किक मारायची म्हणजे आधी कुलदैवताचं नाव घ्यायचं, कारण किक उलटली तर माणूस माडाच्या शेंड्यावर जाऊन बसे. मी दोनदा तिथून शहाळं घेऊन उतरलोय. बाजारातला कुठलाही पाना तिच्या नटांना बसत नसे. तिचे पाने वेगळे, तिचे आटे वेगळे, आणि तिची मर्जी तर सगळ्यांत वेगळी.

चाळीत माणसाला पाय पसरायला जागा नव्हती, तिथे हिला कुठे ठेवणार? म्हणून बापसाने ती आपल्या होडीत घालून गावी आणली. इथेच सगळं बिघडलं. जी वस्तू होडीतून आली, किनाऱ्यावर पाण्यातून ओढून काढावी लागली, जिला पुढे तोंड आणि मागे बूड होतं, ती बापसाच्या लेखी होडीचंच पोर होती. पहिल्याच शिमग्याला त्याने तिच्या हँडलला पताका बांधली. मी सुट्टीला आलो की तो मागे बसायचा आणि गावातून जाताना, जणू फटफट आवाज तोच तोंडाने काढतोय, अशा ऐटीत इकडे-तिकडे बघायचा. आणि तिला कोणापुढेही तो ‘आपली गाडी’ म्हणायचा. माझी असं मी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडे.

त्या ज्येष्ठात मी मुंबईला. होडी शाकारून झाल्यावर राळ आणि तेल उरलं. बापसाने उरलेल्या मालाकडे पाहिलं, मग फटफटीकडे पाहिलं.

श्रावणात निरोप आला. बापूस खाडीत पाग टाकायला उतरला होता. जाळ्यातला शिंगाळा मासा सोडवताना त्याचा काटा तळहातात आरपार. हात सुजलाय, ये. पावसात लाँच बंद, म्हणून पनवेल-पेणवरून धडपडत मी पोचलो तेव्हा हळद लावून झाली होती, तंबाखू बांधून झाला होता, तापवलेल्या विटेचा शेकही देऊन झाला होता. आयने मला बाजूला नेलं. बापसाच्या मनगटावरून एक लाल रेघ वर चढत होती. आय मला ती शब्दांत सांगेना. तिने आपल्याच हातावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “परवा हितं व्हती.” मग बोट वर सरकवलं. “काल हितं.” मग कोपराच्या खाली नेऊन थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

वर्कशॉपात एका फिटरचा हात असाच गेलेला मी पाहिला होता. आधी बोट, मग पंजा, आणि शेवटी दंडापासून. तांडेलाचा उजवा हात म्हणजे सुकाणूचा हात. तो गेला तर होडी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागणार, आणि दुसऱ्याच्या हातातली आपली होडी किनाऱ्यावरून बघत बसणारा बापूस माझ्या डोळ्यांसमोर येईना. आला तो आडवा पडलेलाच आला. अलिबागच्या सरकारी दवाखान्यात आजच्या आज पोचायला हवं होतं.

मी आलो त्यानंतर एस.टी. आलीच नव्हती. नागावच्या पुढे एका मोरीवरून पाणी चाललं होतं आणि ड्रायव्हर तिथूनच परत जात होते. मी बैलगाडीचं बोललो. बापसाने सांगितलं की आडवा होऊन तो गावातून एकदाच जाणार आहे, आणि ती वेळ अजून यायची आहे. मी डोली म्हटलं तर त्याने नुसतं थुंकून दाखवलं. आपली गाडी दारात असताना दुसऱ्याच्या गाडीत तो बसणार नव्हता, आणि आपली गाडी नारळाआधी हलणार नव्हती. पौर्णिमा अजून लांब होती. रेघ कोपराखाली होती. मी त्या दोन गोष्टींच्या मध्ये अंगणात उभा होतो.

तेवढ्यात आय घरातून आली. तिच्या हातात नारळ होता. बापसाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. झापांच्या ढिगापुढे पायरीच्या दगडावर तिने तो एका फटक्यात फोडला, पाणी झापांवर ओतलं, आणि हळदीकुंकू टाकून मला म्हणाली, “दर्याचा दर्याला पौर्णिमेला देऊ. हिचा हिला दिला. काढ आता.”

बापसाने तोंड भिंतीकडे फिरवलं. घरात त्याच्याहून मोठा तांडेल होता, आणि हे त्याला मनातून ठाऊक होतं.

मी झाप उपसले. आणि मग जे दिसलं ते पाहून मला वाटलं, बापसाऐवजी आता मलाच दवाखान्यात न्यावं लागणार.

त्याने फटफटी चोपडली होती. टाकी, चाकं, आऱ्या, साखळी, सीट, दिवा, सगळीकडे मुशी माशाचं तेल आणि राळ. वरून पिवळसर, पातळ काचेसारखा थर, चिंचगुळाच्या पाकात बुडवून काढावी तसा. बरं, बाहेरून चोपडून माणूस समाधान मानतो ना? होडीच्या फटी बुजवतात. हिच्या फटी शोधून शोधून त्याने बुजवल्या होत्या. प्लग काढून आत तेल. कार्बोरेटरमध्ये तेल. क्लचच्या डब्याचं झाकण त्याने कशाने उघडलं देव जाणे, माझ्या पान्यांनी ते कधी सहज उघडलं नव्हतं, पण आत भरपूर, प्रेमाने, तेल आणि राळ. आणि सायलेन्सरच्या तोंडात कापूस ठोकून वर राळेची मोहर. पाणी शिरू नये म्हणून. खरंच, पाणी शिरलं नसतं. ती फटफटी समुद्रात सोडली असती तर तरंगत एडनला गेली असती.

मी बापसाकडे वळून पाहिलं. तो म्हणाला की एवढी बेस्ट राळ त्याने स्वतःच्या होडीलासुद्धा लावली नव्हती.

मी काम सुरू केलं. घरातलं रॉकेल संपलं, मग शेजाऱ्यांचं संपलं, मग वाड्यातल्या सगळ्या कंदिलांचं संपलं. प्लग घासला. कार्बोरेटर उकळत्या पाण्यात टाकला तर भांड्यात मासळीचं कालवण शिजल्यासारखा वास सुटला आणि मांजरं जमली. सायलेन्सरमधून वाकड्या तारेने कापूस ओढला, एखाद्या म्हाताऱ्याच्या कानातून काढावा तसा, पण आत खोल काहीतरी उरल्याची मला शंका होती. दर थोड्या वेळाने आय ओटीवरून उठून यायची. बोट आपल्या हातावर ठेवून दाखवायची. दिवस मावळेपर्यंत तिचं बोट कोपरावर आलं होतं आणि इंजिनाने खोकूनही दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा. आता इंजिन फिरायला लागलं, पण क्लच सुटेना. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांची सोयरीक हवी तेव्हा मोडणारी-जोडणारी वस्तू. आतल्या चकत्या राळेने अशा चिकटल्या होत्या की ती सोयरीक आता सात जन्मांची झाली होती. डबा पूर्ण खोलायचा म्हणजे आणखी एक दिवस. बापूस तोवर बडबडायला लागला होता. कोणाला तरी शीड उतरवायला सांगत होता.

आणखी एक दिवस नव्हता. क्लचशिवाय जायचं ठरवलं. म्हणजे एकदा सुरू झाली की अलिबागपर्यंत कुठेही थांबायचं नाही. थांबली की इंजिन बंद, आणि मग ती कोणत्या जन्मी सुरू होईल ते तिच्या बर्मिंगहॅमच्या देवालाच माहीत.

बापसाला मागे बसवला. उजवा हात गळ्यात बांधलेला. डावा माझ्या खांद्यावर. वाड्यातल्या चार गड्यांनी मागून ढकललं. फटफटी चिखलातून घसरत, रडत, गुरगुरत गेली आणि मग एकदम असा आवाज झाला की खाडीपलीकडच्या किल्ल्यातली वटवाघळं उडाली. आणि आम्ही निघालो. दुसऱ्या गिअरात टाकली होती, अलिबागपर्यंत तिथेच ठेवली. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आय दिसली असती, आणि मला रस्ता दिसला नसता.

चौलचा चढ आला तसा तिचा दम कोंडायला लागला. सायलेन्सरमधला तो उरलेला बोळा. वेग बैलाचा झाला, मग म्हाताऱ्या बैलाचा. शेजारून चालणारी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आमच्या पुढे गेली, आणि जाताना तिने बापसाला ख्यालीखुशाली विचारली. मी पाय टेकवून ढकलायला लागणार, तेवढ्यात तोफ सुटली. तो बोळा पेटलेला बाहेर पडला आणि सूं करत वाडीत गेला. वाडीत एक जण दारूबंदीच्या दिवसांत माडावर चढून चोरून माडी काढत होता. पोलिसाने गोळी घातली असं समजून तो वरूनच हात जोडून ओरडायला लागला की ही नीरा आहे, फक्त नीरा. बोळा त्याच्या मडक्याला लागला असंही मी पूर्वी सांगत असे, पण तेवढं सोडून द्या.

गाडी मोकळी झाली. पण आता इंजिन तापलं, आणि तापलं तसं मुशीचं तेल तळायला लागलं. मागे धुराचा लोट आणि त्या धुराला भर बाजारात बोंबील तळल्याचा वास. नागावातून आम्ही गेलो ते मागे गावभरची मांजरं घेऊन. कुत्री मांजरांच्या मागे. मी हसत असतो हे सांगताना, पण तेव्हा माझं लक्ष मांजरांकडे नव्हतं. कारण बापसाचा खांद्यावरचा हात ढिला पडत चालला होता. मी त्याला हाका मारत होतो. आधी तो ‘हूं’ म्हणायचा. मग तेही थांबलं, आणि हात खांद्यावरून निसटला. थांबून पाहावं तर गाडी मरणार. न थांबावं तर मागे तो आहे की कुठे मागच्या वळणावर पडलाय, कळणार नाही. मी मागे हात नेऊन त्याचं धोतर चाचपलं. धोतर होतं. त्यात तो आहे एवढं धरून चाललो.

आणि मग ती मोरी आली.

रस्ता दिसतच नव्हता. गढूळ, तांबडं पाणी एका बाजूच्या शेतातून दुसऱ्या बाजूच्या खाजणात धो धो चाललं होतं. रस्त्याच्या कडा दाखवणारे दगडही बुडालेले. पलीकडे दोन माणसं उभी होती, ती हात हलवून मागे फिरा म्हणत होती. फिरायचं कसं? फिरायला थांबावं लागतं. मी वेग कमी केला, इंजिन अडखळलं, माझ्या तोंडून आय आली की देव आला आठवत नाही.

तेवढ्यात निसटलेला हात पुन्हा खांद्यावर आला आणि घट्ट झाला.

“डावीकडं धर,” बापूस माझ्या कानात म्हणाला. आवाज अगदी शुद्धीतला. “ते पाणी उकळतंय तिथं खड्डा हाय. सपाट पाण्यात धर. वेग सोडू नको.”

तापात होता, डोळे लाल, बायकोलाही कदाचित ओळखलं नसतं. पण पाणी वाचायला त्याला शुद्ध लागत नव्हती. मी सपाट पाण्यात घातली. पाणी पायांवर आलं, इंजिनाला लागलं, वाफेचा ढग उठला, मला पुढचं चाकही दिसेना. बापूस अंगठ्याने माझा खांदा दाबायचा. आत दाबला की उजवीकडे, बाहेर दाबला की डावीकडे. सुकाणू धरतात तसा. मध्यावर धार जोराची होती. फटफटी अंगभर सरकली, मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं असं मला वाटलं. त्याने खांदा असा दाबला की हाड मोडेल. मी वळवली. चाकाखाली दगड लागला, मग खडी लागली, आणि आम्ही पलीकडे. ती दोन माणसं बाजूला उडी मारून भातात पडली.

पलीकडे गेल्याबरोबर त्याचा हात पुन्हा ढिला पडला. तेव्हापासून अलिबागपर्यंत मी एका हाताने हँडल आणि एका हाताने त्याचं मनगट पाठीमागून धरून चालवली. आक्षीच्या खाडीवरचा पूल कधी गेला मला माहीत नाही.

दवाखान्यात थांबायचं कसं याचा विचार मी केलाच नव्हता. फाटकातून आत शिरलो, पेट्रोल तोडलं तरी ती आपल्या मस्तीत पायऱ्या चढली आणि व्हरांड्यातल्या बाकाला टेकून मेली. बाकावरचे रोगी सगळे बरे होऊन पळाले. आतून चष्मेवाले एक तरुण डॉक्टर आले. ते मला शिव्या देणार होते, पण त्यांनी बापसाचा हात पाहिला आणि मग त्यांना माझ्यासाठी वेळ राहिला नाही. हात राहील का, असं मी विचारलं. फाडल्यावर सांगतो म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

मी व्हरांड्यात उकिडवा बसलो. शेजारी फटफटी गार होत टिक टिक वाजत होती. कपड्यांना तळलेल्या मुशीचा वास. कोणी येऊन विचारलं की मी त्यांना जर्मन रणगाडे सांगायला लागायचो आणि मध्येच त्या बंद दाराकडे बघायचो. आतून बापसाचा आवाज येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस कुठेतरी होता आणि त्याचा आवाज येत नव्हता.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले की पंजा राहील, अंगठाही राहील. करंगळी काळी पडली होती, ती काढावी लागली. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले, बहुतेक वासामुळे.

पुढचे दिवस सुया, पट्ट्या आणि पेज. रेघ उतरली. आय एस.टी. सुरू झाल्यावर आली, त्याच्या चार बोटांकडे पाहिलं, चारही एकेक करून हलवून पाहिली, आणि मगच डोळ्यांना पदर लावला. बापूस खाटेवर बसून डाव्या हाताने उजव्या पंजाला दोरी धरायला शिकवत होता, पळीचा दांडा सुकाणूसारखा वळवून बघत होता. वॉर्डातल्या लोकांना मी आमच्या प्रवासाची हकिकत सांगत असे. दर दिवशी मोरीतलं पाणी थोडं थोडं चढत होतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी शेवटची पट्टी स्वतः बांधली. हात उलटसुलट करून पाहिला, समाधानाने मान हलवली. मग म्हणाले, “तांडेल, दोन दिवस आधी आला असतात तर ही करंगळीपण राहिली असती. एवढा उशीर का केलात?”

आय छताकडे बघायला लागली. मी बापसाकडे पाहिलं. बापसाने माझ्याकडे पाहिलं नाही.

“पोराची गाडी बंद व्हती,” तो म्हणाला.